देवराई आणि तिचा ओढा राखायचाय? रोपं नंतर, आधी हे करा

मृग लागला की पुण्यातल्या रोपवाटिकांसमोर गाड्या उभ्या राहतात आणि पुढचे शनिवार-रविवार मुळशी, मावळ, भोर, राजगड (कालपरवापर्यंतचा वेल्हा) या तालुक्यांत खड्डे खणण्यात जातात. यातली बरीच रोपं पुढच्या उन्हाळ्यातल्या वणव्यात जळतात, उरलीसुरली गुरं खातात. खरं तर घाटमाथ्यावर पाऊस इतका आहे की जमीन नुसती राखली तरी जंगल आपसूक उभं राहतं. अडतं ते राखण्यापाशी. आणि राखायचं म्हणजे गावाने राखायचं. तुम्ही पुण्याहून महिन्यातून दोनदा जाऊन काही राखलं जाणार नाही.

म्हणून सुरुवात एका देवराईपासून करा. तिथे राखण्याचा नियम आधीच आहे, देवाच्या नावाने आहे. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात महाराष्ट्रातल्या पश्चिम घाटातल्या देवरायांच्या नोंदी केल्या, त्यातल्या पुष्कळ पुण्याच्या पश्चिमेलाच आहेत. पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांत येणारे अनेक ओढे अशा राईतल्या झऱ्यातून निघतात, म्हणजे पुण्याच्या नळाचा प्रश्नही इथेच आहे. पहिली दोन वर्षं एकच राई, एकच ओढा, एकच गाव. दुसऱ्या गावाचं आमंत्रण आलं तरी थांबा.

जमीन कोणाची?

गाव सांगेल, “देवाची.” सातबारा वेगळं सांगतो. गावात ओळख झाली की राईचा गट नंबर विचारून घ्या. तो एक नसून दोन-तीन निघण्याची शक्यता मोठी आहे. प्रत्येक गटाचा सातबारा, जुने फेरफार आणि गावनकाशा काढा. महाभूनकाशावर गटाची हद्द दिसते, पण ती मोजणी नव्हे. शिवाय दाट झाडीत मोबाइलचं जीपीएस पाच-दहा मीटर सहज चुकतं. हद्दीचा वाद निघाला तर भूमिअभिलेख खात्याची मोजणी हाच उपाय, आणि ती गावानेच मागायची.

साधारण चार प्रकार निघतात: वनखात्याची जमीन, गायरान, देवस्थान इनाम वर्ग ३ (देवळाच्या खर्चासाठी दिलेली जमीन) आणि खासगी. शेवटचा सगळ्यात नाजूक. खासगी म्हणजे एकट्याची नव्हे. सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं, निम्मे मुंबईत, काही हयात नाहीत. लाकूडवाला अशाच राईत शिरतो. चार हिस्सेदारांच्या सह्या घेतो, उभी झाडं उक्ती विकत घेतो आणि बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. ‘इतर हक्क’चा रकाना आणि शेवटचे दोन-तीन फेरफार नीट वाचा. त्यात खरेदीखत, कुलमुखत्यारपत्र किंवा वारस नोंदींची अचानक घाई दिसली, तर राई विक्रीच्या वाटेवर आहे असं समजा. खासगी जमिनीवरही १९६४चा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम लागू होतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६च्या आदेशानुसार मालकी कोणाचीही असली तरी शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल, ते जंगलच. हे माहीत असावं. पहिल्याच भेटीत बोलून दाखवू नये.

एक सावधगिरी: सातबाऱ्याची चौकशी करणारा पुणेकर म्हणजे प्लॉटवाला, अशी या पट्ट्यात सर्वसाधारण समजूत आहे आणि ती चुकीची नाही. त्यामुळे आधी गावात ओळख, मग कागद. कागद काढलेत तर त्याची एक प्रत पोलीस पाटलांकडे किंवा सरपंचांकडे देऊन टाका.

गावकी, ग्रामपंचायत आणि मंडळ

ही तीन वेगवेगळी माणसं आहेत, एक नव्हेत. ग्रामपंचायत बऱ्याचदा गट ग्रामपंचायत असते, चार-पाच वाड्यांची मिळून. राई मात्र एका गावाची किंवा एका वाडीची, आणि तिचा निर्णय गावकी घेते, म्हणजे मानकरी, पुजारी आणि घरटी एक माणूस. सरपंचांच्या होकाराने फळा लागेल. राई राखली जाणार नाही. गावकीची बैठक जत्रेच्या आधी-नंतर देवळात बसते. बोलावलं तरच जा, मागे बसा.

गावकीत न बसणारेही मोजा. कातकरी वाडी आणि धनगरवाडा बहुतेक वेळा या बैठकीबाहेर असतो. ओढ्यातला मासा, खेकडा, मधाचं पोळं, कुठलं बिळ कोणाचं, हे सगळ्यात जास्त कातकऱ्यांना ठाऊक असतं, आणि मासेबंदी झाली की पहिली झळही त्यांनाच लागते. राईत गुरं बंद झाली की चराईचा भार गवळी धनगरांवर पडतो. त्यांना न विचारता केलेला नियम पहिल्या पावसातच मोडतो.

तिसरं, मंडळ. गावातली नोकरीला बाहेर पडलेली मंडळी पुण्या-मुंबईत राहतात, त्यांचं ग्रामस्थ मंडळ असतं आणि देवळाच्या जीर्णोद्धाराचा पैसा तिथूनच येतो. देवराईला आज सगळ्यात मोठा धोका कुऱ्हाडीचा नाही, जीर्णोद्धाराचा आहे: आरसीसी सभामंडप, फरशी, पेव्हर ब्लॉक, गाडी दारापर्यंत नेणारा रस्ता, हॅलोजन, बोअर. कौलारू देऊळ होतं तोवर राईला त्याचा त्रास नव्हता. पुण्यात राहणाऱ्याचा खरा उपयोग इथे आहे. मंडळाच्या बैठका कोथरूडला, कात्रजला, पिंपरीला होतात, रविवारी सकाळी. तिथे जा.

बोलणी इस्टिमेट व्हायच्या आधी करायची. नंतर कोणी ऐकत नाही. मागण्या मोजक्या आणि मोजता येण्याजोग्या ठेवा:

- बांधकाम जुन्या जोत्याच्या आतच.
- मोठ्या झाडाच्या फांद्यांचा घेर जिथवर, तिथवर काँक्रीट नाही, भर नाही. खोडाभोवतीचा पार सिमेंटने बांधला की मुळांना हवा-पाणी मिळत नाही आणि झाड पाच-सात वर्षांत शेंड्याकडून वाळत येतं. तोवर पार कोणामुळे बांधला हेही विसरलेलं असतं.
- रस्ता आणि वाहनतळ राईच्या बाहेर संपेल. पुढे पायवाट, दगडी पायऱ्या.
- महाप्रसादाची चूल आणि पंगत कडेच्या मोकळवणात. जत्रेपुरता कापडी मंडप.
- बोअर झऱ्याच्या वरच्या अंगाला किंवा जवळ नाही.
- रात्री दिवे बंद. वटवाघळं, घुबडं, उदमांजर सगळी रात्रीची वस्ती आहे.

“देव अंधारात कसा ठेवायचा?” हा प्रश्न येतोच. गाभाऱ्यातला दिवा राहू दे, झाडांवरचे हॅलोजन नकोत, एवढ्यावर बहुतेक ठिकाणी जमतं.

नियम लिहून काढा, पण गावाचाच

बाहेरून नियम आणू नका. आहे तो विचारा. वाळकं लाकूड उचलतात का? पडलेलं झाड कोण नेतं? काही राईंत काटकीसुद्धा हलवत नाहीत, काही ठिकाणी पडलेलं लाकूड फक्त देवळासाठी चालतं, कुठे कौल लावून तोडतात. आंबा, जांभूळ, मध कोणाचा? बायकांना आत जाता येतं का? येत नसेल तर त्यावर तिथे व्याख्यान देऊ नका. पण सरपण बायका आणतात, त्यामुळे कडेच्या सरपणाचं काय, हे त्यांच्याशी वेगळं बसून विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे, ती इथे वापरा.

सगळं मिळून एक पान, गावच्या शब्दांत. मग ग्रामसभेचा ठराव. ठरावाचा मसुदा साधा असावा:

“मौजे … येथील गट नं. … मधील वाघजाईची राई व तीतील झरा यांचे चालत आलेले नियम सोबत जोडले आहेत. राईत वृक्षतोड, फांदीतोड, चराई, उत्खनन व नवीन बांधकाम करू नये. देवळाचे काम जुन्या जोत्यात करावे. नियम मोडल्यास गावकी ठरवेल तो दंड देवाच्या खात्यात जमा व्हावा. राईची पाहणी … यांनी दरमहा करावी.”

गट नंबर घातला नाही तर हा ठराव कचेरीत उपयोगाचा नाही. ‘पर्यावरणाचे संवर्धन करावे’ असली वाक्यं घालू नका. त्याने कोणालाच काही बंधन येत नाही. ठरावाची नक्कल सही-शिक्क्यासह घ्या आणि एक प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयात पोच घेऊन द्या.

त्याच फेरीत लोक जैवविविधता नोंदवही (गावातल्या झाडाझुडपांची, प्राण्यांची आणि त्यांच्याविषयीच्या माहितीची नोंद) मागा. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यावर गावोगावी या नोंदवह्या घाईने तयार झाल्या, त्यामुळे ती कपाटात असायला हवी. शेजारच्या गावाची नक्कल निघाली तर नवल नाही. ती दुरुस्त करणं हे जैवविविधता व्यवस्थापन समितीचं काम आहे आणि समितीला मदत करणं हे तुमचं चांगलं पहिलं काम ठरू शकतं.

मोजणी: पाणी आधी, झाडं मग

गावाला झाडांच्या याद्यांत रस नसतो, पाण्यात असतो. म्हणून झऱ्यापासून सुरुवात. १० लिटरची बादली, मोबाइलचं घड्याळ. बादली भरायला किती सेकंद लागतात ते तीनदा मोजा, सरासरी काढा. २५ सेकंद लागले तर मिनिटाला २४ लिटर. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या जागी, शक्यतो गावातल्याच मुलामुलींनी मोजावं. मे महिन्याचा आकडा सर्वांत मोलाचा. मिनिटाला ४ लिटर म्हणजे दिवसाला ५,७६० लिटर; जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशोबाने शंभर माणसांचं पाणी. हा हिशोब बैठकीत मांडला की राई कशासाठी, हे वेगळं सांगावं लागत नाही.

सह्याद्रीत झरा बहुधा दोन थरांच्या सांध्यावर फुटतो: वर भेगाळ किंवा सच्छिद्र बेसाल्ट, खाली कठीण काळा पाषाण किंवा लाल मातीचा थर. पाणी मुरतं ते झऱ्याच्या वर, कधी राईच्याही वरच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर. तिथे जेसीबीने सपाटीकरण झालं तर खाली राई कितीही राखा, झरा आटतो. पुण्यातली ‘ॲक्वाडॅम’ ही संस्था झऱ्यांच्या भूशास्त्रावर काम करते. झऱ्याचं पाणलोट ठरवताना असा जाणकार सोबत असलेला बरा.

ओढ्यासाठी तरंगती वस्तू पुरते. सरळ १० मीटरचा तुकडा निवडा. रुंदी मोजा, दर अर्ध्या मीटरला खोली मोजा. वर संत्रं सोडा, खाली पोचायला लागणारी वेळ चार-पाचदा घ्या. रुंदी २ मीटर, सरासरी खोली १५ सेंटिमीटर, वेळ ४० सेकंद असेल तर ०.३ चौ. मीटर गुणिले सेकंदाला ०.२५ मीटर, तळाशी पाणी सावकाश वाहतं म्हणून पुन्हा ०.८ने गुणा. सेकंदाला ६० लिटर आले. पुराच्या पाण्यात हे करायला उतरू नका. पाण्यातला दगड उलटून पाहा: शेपटीला दोन-तीन धागे असलेल्या चपट्या अळ्या दिसल्या तर पाणी चांगलं. दगड होता तसा परत ठेवा.

झाडांसाठी १० × १० मीटरचे चौकोन, राईच्या मध्यात, कडेला आणि बाहेर, प्रत्येकी तीन-चार. साडेचार फुटांवर (१.३७ मीटर) ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त घेर असलेलं प्रत्येक झाड नोंदवा. पण खरी माहिती खाली असते: गुडघाभर उंचीची पोरं किती आणि कशाची. वर अंजनी, हिरडा, बेहडा, जांभूळ, आंबा आणि खाली नुसती रानमोडी (बाहेरून आलेलं, माजणारं झुडूप), तर राई म्हातारी होत चालली आहे. गारंबीचे वेल आणि ढोल्या असलेली जुनी झाडं वेगळी नोंदवा. धनेश ढोलीशिवाय वीण घालू शकत नाही, आणि शेकरूला फांदीवरून फांदीवर जाता यायला हवं; रस्त्यासाठी केलेली एक फट त्याची वाट तोडते.

हाताने करायचं काम

*रानमोडी* ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये मुळासकट उपटा. जमीन मऊ असते आणि फुलं आलेली नसतात. डिसेंबरनंतर हात लावलात तर बी तुमच्याच कपड्यांवरून पुढच्या राईत जाईल.

*घाणेरी* वरून कापली की दुप्पट फुटते. मातीखाली तीन-चार इंचांवर मूळ तोडून गड्डा वर काढा आणि उलटा टाका. एका वर्षी सगळी काढायची नाही. कडेची घाणेरी कधीकधी गुरांना अडवणारं कुंपण असते. ती काढली आणि गुरं आत आली, असं होतं. एकेक पट्टा घ्या आणि तिथे पुढची दोन-तीन वर्षं परत या. न येता सोडलेली जागा पहिल्यापेक्षा वाईट होते.

*वणवा.* गवत वाळायला लागलं की, डिसेंबर-जानेवारीत, राईभोवती तीन ते चार मीटरची जाळरेषा गवत कापून, पालापाचोळा ओढून तयार करा. जाळून साफ करायची असेल तर वनखात्याला सोबत घेतल्याशिवाय नाही. राईच्या आतला पालापाचोळा झाडू नका, तोच पाणी धरतो. कारवी सात वर्षांनी फुलून मेली की पुढच्या उन्हाळ्यात वाळक्या काटक्यांचा ढीग असतो. त्या वर्षी जाळरेषा रुंद ठेवा. वणवा का लागतो हेही पाहा. कोणी गवत चांगलं येतं म्हणून लावतं, कोणाचा राब (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून भाजायची जागा) भाजताना सुटतो. राबासाठी ऐनाच्या फांद्या दरवर्षी तोडल्या जातात, हाही राईच्या कडेवरचा भार आहे. नेरळच्या सगुणा बागेत विकसित झालेल्या भात तंत्रात रोपवाटिकाच लागत नाही, म्हणून राबही नाही. एखादा शेतकरी चार-पाच गुंठ्यांवर करून पाहायला तयार झाला, तर ते शंभर रोपांपेक्षा मोठं काम.

*रोपं* सर्वांत शेवटी, आणि राईच्या आत कधीच नाहीत. कडेला, जिथे उघडी जमीन आहे तिथेच, त्याच राईच्या बियांची. जांभळाचं बी वाळलं की मेलं, आठवड्याभरात पिशवीत जायला हवं. बेहडा दोन दिवस भिजवून लावा. हिरडा सावकाश उगवतो, धीर धरा. आणि जिथे सगळा बाळहिरडाच (हिरड्याचं कोवळं फळ) विकायला तोडला जातो, तिथे पिकलेलं फळ मिळणारच नाही, दोन-चार झाडं बियांसाठी सोडायला सांगा. ओढ्याच्या काठाला करंज, उंबर, वाळुंज, शेरणी. गिरीपुष्प, सुबाभूळ, गुलमोहर फुकट मिळाले तरी नेऊ नका.

ओढ्यातले मासे

पहिल्या पावसात ओढ्याला लाल पाणी आलं की मासे चढणीला लागतात. पोटात अंडी असतात. नेमके तेव्हाच ते पकडायला सोपे. सबंध वर्षाची बंदी कोणी पाळत नाही. चढणीचे पहिले पंधरा दिवस आणि राईतला एखादा डोह कायमचा, एवढंच मागा. ब्लीचिंग पावडर आणि बॅटरीचा करंट मात्र बाराही महिने बंद, यावर कातकरीही तुमच्या बाजूने असतात, कारण त्यांचं नुकसान सर्वाधिक. डोह देवाचा म्हणून राखण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे; महाडजवळ काळ नदीवरच्या वाळण कोंडीत महाशीर असेच राखले गेले. मात्र ओढ्यात तिलापिया, मांगूर किंवा डासांसाठी म्हणून गप्पी सोडू नका. कपडे धुण्याचा दगड पाणी भरण्याच्या जागेच्या खालच्या अंगाला आहे ना, तेही बघा.

कायद्याचं कवच कधी?

गावकीचा नियम आणि ठराव एक-दोन पावसाळे चालला की मगच. जमीन वनखात्याची असेल तर वनहक्क कायदा २००६च्या कलम ३(१)(झ)खाली सामूहिक वनसंपत्तीचा दावा, नमुना ‘क’. ग्रामसभेला निम्मी उपस्थिती लागते आणि त्यात एक तृतीयांश महिला. पवित्र झाडं, देवराया, तळी आणि नदीकाठ हे नियमांनी मान्य केलेले पुरावे आहेत, त्यामुळे तुमचे नकाशे इथे कामी येतात. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला हा हक्क २००९ मध्ये मिळाला. आंबेगाव-जुन्नरच्या महादेव कोळी गावांना ही वाट सरळ आहे. बिगर-आदिवासींना १३ डिसेंबर २००५च्या आधीच्या ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, ते जड जातं. खासगी किंवा गावाच्या जमिनीसाठी वन्यजीव कायद्यातलं सामुदायिक राखीव क्षेत्र, किंवा जैवविविधता कायद्याच्या कलम ३७चं वारसा स्थळ. आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाजवळ माशाची नवी जात सापडली आणि ती जागा वारसा स्थळ झाली. पण फलक लागला की ‘आता हे सरकारचं’ असं गावाला वाटू लागतं आणि राखण थांबते. घाई नको. भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत असाल तर कुठलंही काम वन्यजीव विभागाच्या लेखी परवानगीनेच. कॅमेरा ट्रॅपही त्यात आला.

राई वाढली की रानडुकरंही येतात. भरपाईची वाट गावाला आधीच माहीत करून द्या: जनावर मारलं तर ४८ तासांत, पिकाचं नुकसान असेल तर तीन दिवसांत वनखात्याला कळवायचं, पंचनाम्याआधी मेलेलं जनावर हलवायचं नाही. वनखात्याच्या ‘हॅलो फॉरेस्ट’ मदतवाहिनीचा नंबर १९२६. अर्ज भरून देणारा एक तरुण गावात तयार करा. भरपाई एकदा बुडाली की तारेचे फास लागतात.

आणि फोटो. ऑर्किड, धनेशाची ढोली, औषधी कंद, मधाची पोळी यांचे फोटो काढण्याआधी मोबाइलमधलं लोकेशन बंद करा. गावाच्या नोंदवहीत जागा लिहिलेली असू दे. राईचं नावसुद्धा गावाला विचारल्याशिवाय सोशल मीडियावर टाकू नका. एका व्हायरल रीलनंतरच्या रविवारी चाळीस गाड्या आल्या, तर त्या कुठे लावायच्या याचं उत्तर गावकी तुम्हालाच विचारेल.